गोड नावाचा अवयव

स्वादुपिंड! ज्याने कोणी हे नाव ठेवले, त्याचे पोट कधी दुखले नसावे. जठराच्या मागे, पाठीच्या कण्यापुढे आडवा पडलेला हा अवयव. अन्न पचवणारे रस तोच करतो, इन्सुलिनही तोच. बिघडला की मात्र वर्षानुवर्षे छळतो.

आमचे घर केळापूरचे. पांढरकवड्याजवळचे जगदंबेचे गाव. दादाच्या पोटात दहा वर्षे दुखत होते. जेवला की बेंबीच्या वरून कळ निघे ती थेट पाठीत जाई. गावाने निदान केव्हाच करून ठेवले होते : दारू! वास्तविक दादाने आयुष्यात थेंब घेतला नाही. "मी त कधी घोटभर प्यालो नाही, मंग हे कुठून आलं बाप्पा?" असे तो वहिनीला विचारी. दारू हे या दुखण्याचे मोठे कारण खरेच. पण आपल्या देशात न पिणाऱ्यांनाही ते पुष्कळ होते आणि काहींच्या बाबतीत मूळ जनुकांतच असते. हे गावाला कोण सांगणार?

गेल्या वर्षी कापसाच्या वेचणीत दादा एकाएकी वाळला. साखरही निघाली. जुन्या दाहात हे होते आणि कर्करोगातही होते. शिवाय जुना दाह असला की कर्करोगाचा धोका वाढतो. मला राहून राहून मनोहर पर्रीकर आठवू लागले. २०१८ च्या फेब्रुवारीत गोव्याच्या या मुख्यमंत्र्यांना मुंबईच्या इस्पितळात नेले, तेव्हा स्वादुपिंडाला सूज आल्याचे वर्तमानपत्रांत वाचले होते. पुढे तो कर्करोग निघाला आणि १७ मार्च २०१९ ला ते गेले.

आम्ही नागपूर गाठले. मी निवृत्त मास्तर; त्यामुळे अर्धवट वाचून जाण्याची खोड. रक्तातले 'वाढीचे घटक' मोजले की सूज कोणती नि गाठ कोणती ते कळते, असे कुठेसे वाचले होते. तेच डॉक्टरांपुढे मांडले.

डॉक्टर गृहस्थ शेतकऱ्याच्या घरचे असावेत. म्हणाले, "मास्तर, खत-पाणी दिले की पऱ्हाटी वाढते तसे तणही वाढते. नुसते खत मोजून शेतात काय उगवले ते सांगाल का?"

मग त्यांनी समजावले. दाह पुन्हा पुन्हा झाला की स्वादुपिंडातल्या काही झोपलेल्या पेशी जाग्या होतात. टीजीएफ-बीटा हा घटक त्यांना तंतू विणायला लावतो, पीडीजीएफ त्यांची संख्या वाढवतो. मऊ अवयव निबर होत जातो. कर्करोगाची गाठही याच पेशींना कामाला लावते आणि आपल्याभोवती तसेच कठीण कुंपण घालून घेते. व्हीईजीएफ नव्या रक्तवाहिन्यांना आवतण देतो. म्हणून रक्तातले आकडे दोन्हीकडे चढू शकतात. गंमत अशी की, नळीत रक्त गोठताना बिंबिकाही हेच घटक सोडतात. रक्त कसे ठेवले यावरही आकडा हलतो! सीए १९-९ ही नेहमीची तपासणीसुद्धा पित्तनलिका तुंबली की कर्करोगावाचून वाढते आणि काही माणसांच्या रक्तात तो पदार्थ तयारच होत नाही.

"मग खरे कळणार कसे?"

"तुकडा काढून."

दुर्बीण जठरात उतरवून, तिथून ध्वनिलहरींनी पाहत, सुईने तुकडा घेतला. अहवाल यायला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत वहिनीने जगदंबेला काय काय कबूल केले ते तिलाच ठाऊक. मी मात्र रोज रात्री दादाच्या अंगावरचे पांघरूण सारखे करायला उठत होतो. साठ वर्षांत हे काम नेहमी त्याने माझ्यासाठी केले होते.

अहवालात दाहच निघाला. कर्करोगाच्या पेशी सापडल्या नाहीत. "पण येत राहा," डॉक्टरांनी बजावले.

आता दादा जेवणाबरोबर पाचक रसांची गोळी घेतो, साखरेसाठी सुई टोचून घेतो. नागपूरची पुढची तारीख दिवाळीनंतरची आहे. काल वहिनीने चकल्या तळल्या, तेव्हा त्याने एकच उचलली, अर्धी मोडून माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाला, "डॉक्टरला सांगू नको."