शेरा: लागवडीस अयोग्य

माझी सगळी नोकरी माती तपासण्यात गेली. शेतकरी पिशवीतून अर्धा किलो माती आणायचा. आम्ही ती सावलीत वाळवून, कुटून, चाळून तिचा सामू आणि विद्युत वाहकता काढायचो आणि पत्रिकेच्या तळाशी शेरा लिहायचो. संपृक्त अर्काची वाहकता ४ डेसीसायमनच्या वर गेली की जमीन क्षारयुक्त. शिरोळ, हातकणंगल्याकडच्या काही गावांची पिशवी असली की आकडा यायच्या आधीच शेरा मनात तयार असायचा. नदीकाठची भारी काळी जमीन, उसाला पाटानं बेसुमार पाणी, निचऱ्याची सोय नाही. जमिनीतलं पाणी वर चढतं, उन्हानं उडून जातं आणि मीठ मागं राहतं. उन्हाळ्यात अशा रानावर पांढरी फूट दिसते. "साहेब, बियाणंसुद्धा निघंना बघा," म्हणत डोक्याला हात लावून बसलेली माणसं मी पाहिली आहेत. मीठ हा जमिनीचा रोग आहे, हे माझ्या लेखी मत नव्हतंच. त्याच्यावर माझं पोट चालत होतं.

हे आधी सांगितलं, कारण खाडीकाठच्या चिखलाबद्दल मी वर्षानुवर्षं जे बोलत आलो ते कुठून आलं होतं, ते कळावं.

माझ्या मुलीचं सासर वाघोटन खाडीच्या काठी आहे. कोल्हापुरातून निघालं की गगनबावडा, करूळ घाट, वैभववाडी, खारेपाटण आणि पुढं विजयदुर्गाकडचा रस्ता. गगनबावड्याच्या माथ्यावर पावसाची वाटणी होते. पूर्वेला पडलेलं पाणी कुंभी, पंचगंगा, कृष्णा करत पार बंगालच्या उपसागराला जातं. पश्चिमेचं पाणी मात्र घाट उतरून लगेच या खाडीला मिळतं, आणि जाताना डोंगराची माती घेऊन जातं. खारेपाटण हे शिलाहारांच्या काळातलं बंदर. रट्टराजाचा शके ९३० चा ताम्रपट तिथंच सापडला. गाळानं खाडी भरत गेली, आज तिथं बंदर होतं हे सांगावं लागतं. म्हणजे ज्या चिखलाला मी नावं ठेवत होतो, त्यातला बराचसा आमच्याच घाटातून उतरलेला.

पहिल्यांदा तो पाहिला तेव्हा व्याह्यांना म्हणालो, "एवढी सपाट जागा, नुसती पडून आहे. बांध घाला, उघाडी बसवा, दोन पावसाळे मीठ धुऊन काढा आणि भात घ्या." सल्ला काही आचरट नव्हता. कोकणात पिढ्यान् पिढ्या हेच केलं गेलं आहे. खारबांधाला ठेवलेली उघाडीची झडप भरतीच्या दाबानं आपोआप मिटते आणि ओहोटीला आतलं पावसाचं पाणी तिला ढकलून बाहेर पडतं. त्यासाठी १९४८ साली मुंबई प्रांतानं कायदा केला, १९७९ साली महाराष्ट्रानं नवा केला, आणि पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्रानं मीठ सोसणाऱ्या भाताच्या जाती काढल्या. व्याही हसले. "बघू," म्हणाले. कोकणी माणसाचं 'बघू' म्हणजे काय असतं, ते घाटावरच्या माणसाला उशिरा कळतं.

माझं मत एकदम फिरलं नाही. ते दोनदा हललं, आणि दुसऱ्यांदा हलणं जास्त अवघड गेलं.

पहिल्यांदा हलवलं ते तिवरीनं. तिवराचं पान उलटं करून पाहिलं तर खालच्या अंगाला मिठाचे कण. जिभेला लावले, मीठच. समुद्राच्या पाण्याची वाहकता ५० डेसीसायमनच्या आसपास असते. म्हणजे ज्या आकड्याला आमच्याकडं ऊस माना टाकतो, त्याच्या दसपटीहून जास्त. त्यात हे झाड उभं राहतं, नको तेवढं मीठ पानावाटे बाहेर टाकतं आणि चिखलात हवा नाही म्हणून मुळांची टोकं वर काढून श्वास घेतं. शेजारी कांदळ होता. त्याची फळं झाडावरच रुजतात आणि कोंबासकट खाली पडतात. उभ्या आयुष्यात मी ज्या जमिनींना अयोग्य म्हटलं, त्यांतली एकही इतकी खारी नव्हती.

आणि ही विद्या आमच्या गावात होती! समुद्रापासून एवढ्या लांब असलेल्या शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागानं खाऱ्या जमिनीतल्या वनस्पतींवर अनेक वर्षं काम केलं. डॉ. लीला भोसले यांचं नाव देशभरातल्या कांदळवनांच्या अभ्यासकांना माहीत आहे. १९८५ साली कांदळवनांवरचा राष्ट्रीय परिसंवाद कोल्हापुरातच भरला होता. मी तेव्हा शेतकीचा विद्यार्थी. ज्या गावात खाडी नाही तिथं खाडीच्या झाडांवर चर्चा, याची आम्ही पोरांनी टिंगल केली होती. आता ती आठवली की हसू येतं, पण त्या वयात ते तसंच व्हायचं.

तर मी तिवरीचा भक्त झालो. भक्त झालेला कोल्हापूरकर स्वस्थ बसत नाही. वातावरणही तसंच होतं. राज्यानं २०१२ साली कांदळवन कक्ष काढला, २०१८ साली उच्च न्यायालयानं कांदळवनांची तोड हा घटनेच्या कलम २१ चा भंग असल्याचं सांगितलं, २०२० साली पांढऱ्या चिप्पीला राज्याचा कांदळवृक्ष म्हणून मान मिळाला. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या महिला पर्यटकांना होडीतून कांदळवन दाखवू लागल्या. मग आमच्या इकडच्या एका मंडळाच्या डोक्यात आलं की कोकणात जाऊन तिवरं लावावीत. जागा सुचवायचं काम माझ्याकडं आलं, कारण व्याही तिथले. मी तोच चिखल सुचवला. एक झाड नाही, सपाट, ओहोटीला चालत जाता येईल असा.

जागा पाहायला गेलो तेव्हा पाणी उतरलेलं होतं. मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून काठावरून खाली उतरणार, तेवढ्यात आत चिखलात वाकलेल्या एक बाई ओरडल्या, "पावण्यानू, थंय पाय घालू नकात, चिखोल खोल हा!" त्या मुळे, म्हणजे चिखलातले शिंपले, काढत होत्या. कमरेला टोपली, हातात कोयतीचा तुकडा. मी कशासाठी आलोय ते सांगितलं. त्यांनी कंबर सरळ केली आणि विचारलं, "हय झाडां लावल्यार आमी मुळे खंय काढूचे?"

मला उत्तर आलं नाही. माती तपासणीच्या पत्रिकेत हा रकानाच नसतो.

काठावरच बसलो. घाई नव्हती, भरती उशिरा होती. आधी काही दिसलं नाही. मग कळलं की माझ्या सावलीनं सगळे आत गेलेत. थोड्या वेळानं भोकाभोकांतून नखाएवढे खेकडे वर आले. नराची एक नांगी जवळजवळ त्याच्या अंगाएवढी. ती तो आखाड्यातल्या पैलवानानं शड्डू ठोकावा तशी वरखाली करत होता. खायला मात्र ती काही कामाची नाही. छोट्या नांगीनं तो चिखल तोंडात घालतो, त्यातलं खाण्याजोगं ठेवून घेतो आणि उरलेल्याची गोळी करून बाजूला टाकतो. मादीला दोन्ही नांग्या लहान, त्यामुळे ती दोन्ही हातांनी जेवते. पलीकडं निवटी पाण्याबाहेर येऊन पुढच्या परांवर रेटत चालली होती. मासा असून चिखलात चालतो आणि दुसरा समोर आला की पाठीचा पर उभारून त्याच्यावर धावतो. चिखलावर एक सोनेरी-तपकिरी झाक होती. ती शेवाळाच्या जातीच्या डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पतींची. कीड, शिंपले, खेकडे, कोळंबीची पिल्लं, सगळ्यांचं जेवण तिथून सुरू होतं. आणि या वनस्पतींना झाडाची सावली चालत नाही, ऊन लागतं.

मग पक्षी उतरले. कोरलाची चोच बोटाहून लांब आणि खाली वाकलेली. ती तो डोळ्यांपर्यंत चिखलात घालून खोलातली कीड ओढून काढत होता. चिखल्याची चोच आखूड, तो धावत जाऊन वरवरचं टिपायचा. टिलवे मधल्या थरात. एकाच वाफ्यात तिघांचं तीन खोलीवर पीक, कुणाचा कुणाशी तंटा नाही. टिलवा जेमतेम २५-३० ग्रॅमचा. उन्हाळ्यात सायबेरियाच्या उत्तर टोकाला अंडी घालतो आणि हिवाळा काढायला आपल्याकडं येतो. या पक्ष्यांना झाडीत उतरता येत नाही. शिकारी पक्षी लांबून दिसायला हवा, म्हणून उघडीच जागा लागते. ज्या जागेवर मी रोपं मोजत होतो, ती त्यांची परतीच्या प्रवासाची शिदोरी होती.

नंतर वाचत गेलो तसं लक्षात आलं की हे काही माझ्या व्याह्यांच्या गावापुरतं नाही. फिलिपिन्समध्ये अशी लागवड फार मोठ्या प्रमाणावर झाली आणि दीर्घकाळ टिकलेल्या रोपांचं प्रमाण साधारण १० ते २० टक्के भरलं. कारण सोपं होतं. जिथं कांदळवन कधी नव्हतं अशा उघड्या चिखलात रोपं लावली, कारण ती जागा कुणाच्या मालकीची नव्हती आणि भांडण होणार नव्हतं. म्हणजे जागा झाडाच्या सोयीनं निवडली नव्हती, माणसाच्या सोयीनं निवडली होती. ठाणे खाडीत तर लागवड न करताही गाळ साचून तिवर पसरत गेली आणि रोहित पक्ष्यांचा उघडा चिखल आवळत गेला. कायद्याला हे कळतं, बरं का. किनारा नियमन क्षेत्राच्या २०११ च्या अधिसूचनेत संवेदनशील जागांच्या यादीत कांदळवनांच्या बरोबरीनं खारी दलदल आणि जिवंत चिखलाचे पट्टेही आहेत. पण चिखलाला राज्यवृक्षासारखा मान कोण देणार? त्याच्यासमोर उभं राहून फोटोसुद्धा नीट येत नाही.

मंडळाला नको म्हणून सांगितलं तेव्हा काही जण नाराज झाले. एकानं विचारलं, "मग झाडं लावणं वाईट का?" वाईट नाही. पण मोकळं दिसलं की भरायचं, ही आम्हा घाटावरच्या लोकांची खोड आहे आणि ती मला आता चिखलापलीकडंही दिसते. पन्हाळ्याजवळच्या मसाई पठाराला लोक उजाड म्हणतात आणि तिथं खड्डे काढायची भाषा करतात. पावसाळ्यात त्याच कातळावर चिमूटभर मातीत उगवणाऱ्या फुलांची जात झाडाखाली जगणार नाही. पंचगंगेच्या काठचे सखल माळ आम्ही असेच मोकळे म्हणून भरले. २०१९ साली राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट असताना पाणी ५५ फुटांवर गेलं, तेव्हा त्या मोकळ्या जागा कुणाच्या होत्या ते घराघरात कळलं.

एका बाबतीत मात्र मी जिथं होतो तिथंच आहे. व्याह्यांच्या चुलतभावाचं खारबांधामागं भातशेत आहे. बांध फुटला, खारं पाणी आत आलं, दोन-तीन वर्षांत शेतात तिवर उगवली. आता ती तोडता येत नाही आणि शेत कसता येत नाही. हा माणूस निसर्गाचा शत्रू नाही. जुना, कसलेला बांध सरकारनं वेळेवर दुरुस्त करून द्यायला हवा, आणि अशा शेताकडं बोट दाखवून 'बघा, खाडी आपली जागा परत घेते आहे' असं कौतुकानं म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. कसलेलं शेत कसलेलं राहू दे, उघडा चिखल उघडा राहू दे. दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात मावतात.

तेव्हा पावसाळ्यात रोपांचा टेम्पो भरून करूळ घाट उतरणाऱ्या मंडळींना एवढंच सांगणं. आधी मोकळ्या हातानं जा, ओहोटीच्या वेळी जा, आणि मुळे काढणाऱ्या बायकांना विचारा की इथं पूर्वी तिवर होती का. होती, तर ती कशानं गेली ते शोधा. पाण्याची वाट कुठं अडली असेल तर ती मोकळी करा, बी पाण्याबरोबर आपणहून येईल. नव्हती, तर टेम्पो परत फिरवा. लावायची हौस असेल तर शिरोळ तालुक्यात क्षारपड रानांचे निचरा चर आणि बोडके बांध भरपूर पडले आहेत. मातीची पिशवी घेऊन या, तपासून देतो. फुकट.