वाजू दे, मांजर असेल

आज पुस्तकाबाहेरचा एक धडा सांगते. तो मला माझ्याच गाडीने शिकवला.

आमच्या गाडीचा अलार्म म्हणजे शाळेत चेष्टेचा विषय. चेंडू लागला की वाजणार, शेजारून ट्रक गेला की वाजणार, बॉनेटवर मांजर बसलं तरी वाजणार. शाळेभोवतीचे 100 मीटर म्हणजे शांतता क्षेत्र, आणि बोंब मारणारी गाडी बाईंचीच! मुलं हसायची. मी वर्गातूनच रिमोट दाबून मोकळी व्हायचे.

ऑक्टोबरमधली गोष्ट. प्रथम सत्राच्या उत्तरपत्रिका ऑफिसात ठेवायच्या होत्या. पाच वर्षांचा मुलगा मागच्या सीटवर झोपला होता. दोन मिनिटांचं तर काम, म्हणून काचा लावून गाडी लॉक केली. (ही चूक माझीच, आधीच कबूल करते.) आत गेल्यावर कुणी रजिस्टर पुढे केलं, गप्पा निघाल्या. बाहेर अलार्म वाजला. थांबला. पुन्हा वाजला. मी काय म्हणाले माहितेय? "वाजू दे, मांजर असेल." आणि पर्समधला रिमोट दाबून तो बंदसुद्धा केला.

सहावीतला एक मुलगा धापा टाकत आला. "बाई, तुमचा बाळ गाडीत रडतोय, काचेवर मारतोय!"

मागच्या दाराला चाइल्ड लॉक, आतून उघडणार कसं? घामाने निथळत होता. उन्हात बंद गाडी पहिल्या 10 मिनिटांतच 10-एक अंशांनी तापते. अलार्म बिचारा त्या दिवशी अगदी खरं सांगत होता.

दुसऱ्या दिवशी गॅरेजवाल्याला म्हटलं, हे काढूनच टाका. तो म्हणाला, "मॅडम, आधी बघू तरी." आमचा अलार्म बाहेरून बसवलेला. धक्का ओळखणाऱ्या सेन्सरवर एक बारीक स्क्रू असतो, तो कुणीतरी पार टोकाला फिरवून ठेवलेला. त्याने थोडा थोडा कमी केला आणि दरवेळी काचेवर मारून पाहिलं: टकटक केली तर गप्प, जोरात थाप मारली तर वाजला. बॉनेटखालच्या स्विचवर पावसाळ्याचा गंज होता, तो साफ केला. बॅटरी म्हातारी झालेली. व्होल्टेज उतरलं की काही अलार्म उगाच ओरडतात म्हणे. तीही बदलली. तुमच्या गाडीत आतली हालचाल टिपणारा सेन्सर असेल तर काच उघडी ठेवू नका, आरशाला लोंबतं काही लावू नका.

मुलाला मात्र मी हॉर्न दाबायला शिकवलं. बऱ्याच गाड्यांत चावी नसतानाही हॉर्न वाजतो. तुमच्या गाडीत वाजतो का, आजच बघा.

परवा मधल्या सुट्टीत अलार्म वाजला, तीन महिन्यांत पहिल्यांदाच. डबा तसाच टाकून पळाले. बघते तर शिपाई मामा आणि निम्मी सहावी आधीच गाडीभोवती उभी. सीझनचा चेंडू होता. आरसा फुटला होता.