थांबायचं कधी?

बाबा मे महिन्यात रिटायर होतायत आणि घरात विषय एकच, ‘पुढे काय?’ परवा डेडलाइन टाळत मी 2011 ची अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलची फायनल बघत बसले होते. कनेटिकटचा कोच जिम कॅलहून, वय वर्षं 68! लीगमध्ये त्याची टीम नवव्या नंबरवर होती. मग मार्चमध्ये पाच दिवसांत पाच मॅचेस मारून त्यांनी बिग ईस्ट स्पर्धा जिंकली आणि 4 एप्रिलला बटलरला 53-41 हरवून थेट चॅम्पियन! एवढ्या वयात हे टायटल जिंकणारा तो पहिलाच कोच. आता हा थांबेल, असं वाटावं ना? पण गडी आणखी एक सीझन राहिला, 2012 मध्ये रिटायर झाला आणि 2018 मध्ये एका छोट्या कॉलेजची नवी कोरी टीम घेऊन पुन्हा कोर्टवर!

बाबांना हे सगळं उत्साहात सांगितलं. ते पेपर खाली ठेवत म्हणाले, ‘‘त्याला जिंकूनही थांबवेना. मला तर तारीख ऑफिसनंच दिलीय गं.’’

मी गप्प. कौतुकाच्या भरात हे लक्षातच आलं नव्हतं.

आज सकाळी मात्र त्यांनी सहज विचारलं, ‘‘तुझी दहावीची गणिताची पुस्तकं कुठे आहेत?’’