शब्दाची जात आणि शब्दाची जागा

एम.ए.च्या वर्गात इंग्रजी समीक्षा मुळातून वाचू लागलेले मराठी माध्यमाचे विद्यार्थी कठीण पारिभाषिक संज्ञांपाशी फारसे अडत नाहीत. त्या कोशात सापडतात. ते अडतात ‘सब्जेक्ट’, ‘प्रेझेंट’, ‘अदर’ अशा ओळखीच्या शब्दांपाशी. अर्थ ठाऊक असतो. पण या वाक्यात हा शब्द नाम आहे, विशेषण आहे की क्रियापद, हे उमगत नाही, आणि ते उमगल्याखेरीज वाक्य उलगडत नाही. परळ-लालबागच्या शाळांतून आलेल्या मुलांच्या या अडचणीला ‘इंग्रजी कच्चे’ असे म्हणून बाजूला सारण्याची आपल्याकडे रीत आहे. मला हे निदान मान्य नाही. मुळात अडचण आहे ती आपण त्यांना शिकवलेल्या व्याकरणविचाराची.

‘वस्तूचे नाव ते नाम, गुण सांगते ते विशेषण, क्रिया दाखवते ते क्रियापद’ ही शालेय व्याख्या अर्थावर उभी आहे. पाणिनीने पदांचे सुबन्त आणि तिङन्त असे वर्ग केले ते प्रत्ययावरून. विशेषण तेथे सुबन्तातच मोडते. लिंडली मरे याच्या १७९५च्या इंग्रजी व्याकरणात शब्दांचे नऊ प्रकार आहेत. त्यांतील ‘आर्टिकल’ तेवढे वगळले की आपण शाळेत पाठ केलेले आठ उरतात. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे व्याकरण १८३६ साली आणि मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ साली प्रसिद्ध झाले. या वाटचालीत आठांची चौकट रूढ झाली. अरविंद मंगरूळकर आणि कृ. श्री. अर्जुनवाडकर यांनी परंपरागत व्याकरणाची परखड तपासणी केली. शाळेच्या फळ्यापर्यंत मात्र ती पोहोचली नाही.

इंग्रजीत अर्थावरून जात ठरवू पाहणारा हमखास फसतो. ‘स्ट्राइक’ ही क्रिया आहे. तरीही ‘द स्ट्राइक’ म्हटले की ते नाम होते. ‘फास्ट’ हा शब्द ट्रेनच्या आधी विशेषण, ‘रन’नंतर क्रियाविशेषण, तर ‘टू’नंतर ‘उपवास करणे’ या अर्थाचे क्रियापद. अशा शब्दांच्या अंगावर जातीची खूण नसते. ती वाक्यातील जागेवरून वाचावी लागते.

मुंबईची मराठी हे व्याकरण रोज वापरते. दादरच्या फलाटावर ‘सव्वाआठची फास्ट गेली’ असे म्हणणारा माणूस इंग्रजी विशेषणाचे नाम करतो, त्याला ‘गाडी’चे लिंग देतो आणि ‘फास्टने आलो’ असे म्हणून विभक्तीही लावतो. ‘लोकल’ तर मराठीत नाम म्हणूनच नांदते आहे. आपल्याच ‘बंद’ शब्दाकडे पाहा. ‘मुंबई बंद’ची हाक देताना तो नाम असतो, १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरणगावात ऐकू येऊ लागलेल्या ‘बंद गिरण्या’ या शब्दांत तो विशेषण आहे. हा भेद कोणाला समजावून सांगावा लागला नाही.

समीक्षेत मात्र याच भेदाची किंमत मोजावी लागते. ‘द अदर’मध्ये विशेषणाला नाम करणारा घटक ‘आर्टिकल’ आहे. आपण जो प्रकार वगळला तोच. मराठीत आर्टिकल नसल्याने भाषांतरकार बहुधा ‘त्व’ किंवा ‘ता’ या प्रत्ययांकडे वळतो, आणि मग ‘द अदर’ व ‘अदरनेस’ हे दोन्ही ‘अन्यत्व’ होऊन बसतात. समोर उभा असलेला कोणी आणि त्याचा एक अमूर्त धर्म, यांतील अंतर नाहीसे होते. वास्तविक ‘फास्ट’ला लिंग आणि वचन देऊन नाम करणारी भाषा ‘दुसरा’, ‘दुसरी’, ‘दुसरे’ असे म्हणू शकते. त्यासाठी तिला लिंग निवडावे लागते हे खरे. पण ती निवड विचाराला इष्टच ठरेल.

‘दलित साहित्य’ या पदबंधात हा प्रश्न आपल्या वाङ्मयेतिहासालाच भिडतो. १९५८ साली मुंबईत भरलेल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन अण्णा भाऊ साठे यांनी केले. १९७२ साली याच शहरात दलित पँथरची स्थापना झाली. ‘दलितांचे साहित्य’ असे म्हटले तर प्रत्यय सांगतो की ‘दलित’ हे नाम आहे. ‘दलित साहित्य’ असे म्हटले की रूप मौन पाळते. दलिताने लिहिलेले की दलित जाणिवेचे, या दीर्घ वादातील दोन्ही पक्षांना त्या मौनात जागा मिळाली. व्याकरणाने तो वाद मिटणार नाही. पण तो नेमका कोठे उभा आहे, हे व्याकरणाने दिसते.

म्हणून पदव्युत्तर वर्गातही व्याख्येऐवजी कसोट्या शिकवाव्यात, असे मला वाटते: शब्दाच्या आधी काय आहे, नंतर काय आहे, मराठीत नेताना त्याला कोणता प्रत्यय लागतो. व्याकरणात ‘जात’ हा शब्द आपण निर्धास्तपणे वापरतो. शब्दाला ती जन्माने चिकटलेली नसून वाक्यात मिळते, एवढे विद्यार्थ्याला उमगले, तर इंग्रजी पानापुढे त्याला खाली मान घालून बसावे लागणार नाही.