जागा श्रीनिवासची

मुंबईतल्या उंच इमारती बोटांवर मोजता यायच्या, तेव्हा त्या सगळ्या गावाच्या होत्या. राजाबाई टॉवर पाहा. 85 मीटर उंच, 1878 पासून उभा. पैसे प्रेमचंद रायचंद यांचे, नाव त्यांच्या आईचं आणि आराखडा कधी मुंबईत पाऊलही न ठेवलेल्या जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा. पण फोर्टातल्या कारकुनाला या वंशावळीशी काय देणंघेणं? तो वर बघून आपलं घड्याळ लावायचा आणि ऑफिस गाठायचा.

आमच्या गिरणगावात उंची म्हणजे चिमणी. धूर वरच्यावर निघून जावा म्हणून ती बांधलेली, पण वारा फिरला की चाळीच्या गॅलरीत वाळत घातलेले कपडे काढायला बायकांची पळापळ. काजळीचा ठिपका पांढऱ्या सदऱ्यावर पडला की बोटाने झटकायचा नाही, फुंकर मारायची. झटकला की पसरला. हे ज्ञान आम्हाला पाढ्यांच्या आधी मिळालं. कुठल्या गिरणीची चिमणी कुठली, हे पोरंसोरंसुद्धा सांगत. पाहुण्याला पत्ताही त्याच खुणेवर.

खरे टॉवर दक्षिणेला. कारमायकेल रोडवरची पंचवीस मजली ‘उषा किरण’ साठीच्या दशकाच्या सुरुवातीची. नरिमन पॉइंटला भराव टाकून काढलेल्या जमिनीवर 1974 साली एअर इंडियाची तेवीस मजली इमारत आली, आणि 1980 साली दलाल स्ट्रीटवर शेअर बाजाराचा एकोणतीस मजल्यांचा मनोरा. रविवारी चौपाटीची भेळ, मग वर जाऊन म्हातारीचा बूट आणि कमला नेहरू पार्कातून खालच्या इमारती ओळखणं, हा फुकटातला कार्यक्रम होता. पेडर रोडने डबलडेकरच्या वरच्या मजल्यावर पुढची जागा मिळाली, तर 1983 नंतर ‘कांचनजंगा’ही दिसायची. चार्ल्स कोरियांनी तिच्या कोपऱ्यांत दोन-दोन मजली उंच गच्च्या कोरून काढल्या. ऊन-पाऊस अडवणारा जुन्या बंगल्याचा व्हरांडाच त्यांनी अठ्ठावीस मजल्यांवर चढवला. नंतरच्या काचेच्या खोक्यांमध्ये एवढा विचार कुणी केलेला मला तरी दिसत नाही.

इकडे गिरणगावात 18 जानेवारी 1982 ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि गिरण्यांचे भोंगे थांबले. पुढचं सगळं कागदावर घडलं. 1991 च्या विकास नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे होते: एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. 2001 मध्ये नियम बदलला. वाटणी फक्त मोकळ्या जमिनीची, शेडखालची जमीन हिशेबाबाहेर. गिरणीत शेडच जास्त, मोकळी जमीन ती कितीशी असणार! 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हा बदल उचलून धरला. आजची लोअर परळची क्षितिजरेषा कुठल्याही वास्तुविशारदापेक्षा या दुरुस्तीने जास्त आखली आहे, असं माझं मत आहे.

मग श्रीनिवास मिलच्या जमिनीवर ‘वर्ल्ड वन’ उभी राहिली. ठरली होती 442 मीटरची. विमान वाहतुकीच्या परवानगीपाशी अडली आणि 280 वर थांबली. श्रीराम मिलच्या जागेवरची ‘पॅले रोयाल’ तीनशेच्याही वर गेली. आता उंची कशासाठी, तर समुद्र दिसावा म्हणून. त्यातही गंमत अशी, की एकाने ‘सी व्ह्यू’ म्हणून विकलेला समुद्र पुढच्या प्लॉटवरचा दुसरा बिल्डर झाकून टाकतो.

अशा टॉवरमध्ये जायचं तर गेटवर नाव, फोन, कोड, शिवाय फोटो. कामवाल्या बायका, सुतार, पाण्याचे कॅन हे सगळं सर्व्हिस लिफ्टने. तिला आतून प्लायवूड ठोकलेलं असतं, म्हणजे फ्रिज-कपाटं चढवताना पत्र्याला ओरखडे पडू नयेत. मालक परदेशात असला, तर चाळिसाव्या मजल्यावरून रोजचा समुद्र पाहते ती लादी पुसायला येणारी बाईच.

तरी चाळीचे गोडवे मी गाणार नाही. सकाळी मजल्याच्या टोकाला, हातात डबा घेऊन ज्याने रांग लावली आहे, त्याला कुणी त्या ‘आपुलकी’बद्दल सांगू नये.

वरळीच्या बीडीडी चाळींतल्या पहिल्या 556 कुटुंबांना ऑगस्ट 2025 मध्ये चाळीस मजली इमारतींमधल्या घरांच्या चाव्या मिळाल्या. 160 चौरस फुटांतून एकदम 500 मध्ये. त्यातल्याच एका जुन्या स्नेह्यांकडे गेलो होतो. संडास घरात आला, यावर त्यांच्या पत्नी भरभरून बोलत होत्या. ते मात्र मला खिडकीशी घेऊन गेले आणि बोटाने दाखवू लागले, “ती श्रीनिवास. अलीकडे श्रीराम.”

नातू मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला, “आजोबा, ते वर्ल्ड वन आहे.”

“असेल,” ते म्हणाले. “जागा श्रीनिवासची.”