विल आणि एक्झिक्यूट यांच्या मधली जागा

अहो, इंग्रजी वाक्याच्या पोटात एक जागा असते! विल, कॅन, शुड, मस्ट, माइट ही मदतनीस मंडळी जिथे उभी असतात त्यांच्या लगेच नंतर आणि खऱ्या क्रियापदाच्या अगदी आधी. 'यू शुड ऑल्वेज चेक.' 'इट विल प्रॉबेब्ली रेन.' 'ही मे नेव्हर नो.' बघा ना, ऑल्वेज, प्रॉबेब्ली, नेव्हर, तिघांनीही नेमकी तीच जागा पकडली आहे. आणि मी गेली कित्येक वर्षं ऑफिसात रोज इंग्रजी पत्रं लिहिते, हे शब्द त्याच जागी टाकते, आणि तिथे काही आहे याचा मला पत्ताच नव्हता!

दहावीला मोडल ऑक्झिलिअरी पाठ केल्या होत्या. कॅन म्हणजे क्षमता, मस्ट म्हणजे सक्ती, मे म्हणजे शक्यता. लिहायचं आणि मार्क घ्यायचे. क्रियाविशेषणांचा धडा वेगळा. हे दोघं एका वाक्यात आले की कोण कुठे बसतं, हे कुणी विचारलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

मला हे कळलं ते चक्क बराक ओबामांमुळे. 20 जानेवारी 2009 चा त्यांचा शपथविधी तुम्हीही पाहिला असेल. सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स शपथ देत होते, हातात कागद नाही, सगळं तोंडपाठ. सुरुवातीलाच एक छोटी गडबड झाली, रॉबर्ट्स यांचं वाक्य संपायच्या आत ओबामांनी बोलायला सुरुवात केली. ते निभावलं. मग रॉबर्ट्स म्हणाले, 'आय विल एक्झिक्यूट द ऑफिस ऑफ प्रेसिडेंट टू द युनायटेड स्टेट्स फेथफुली.' ओबामा 'आय विल एक्झिक्यूट'पर्यंत आले आणि थांबले. संविधान शिकवलेला माणूस तो, शिकागो विद्यापीठात! फेथफुली कुठे गेलं, हे त्यांच्या ताबडतोब लक्षात आलं असणार. कारण 1787 च्या संविधानात लिहिलंय 'आय विल फेथफुली एक्झिक्यूट'. विल, मग फेथफुली, मग एक्झिक्यूट. रॉबर्ट्स यांनी सावरायचा प्रयत्न केला, त्यात आणखी अडखळले, आणि शेवटी ओबामांनीही फेथफुली वाक्याच्या शेपटालाच लावलं. दुसऱ्या दिवशी व्हाइट हाउसच्या मॅप रूममध्ये, नको तो वाद म्हणून, शपथ पुन्हा दिली गेली. एका क्रियाविशेषणाची जागा हलली म्हणून महासत्तेच्या राष्ट्राध्यक्षाने दोनदा शपथ घेतली! मी ती चित्रफीत पुन्हा पुन्हा लावून पाहिली.

पण खरी गंमत पुढेच आहे. भाषाशास्त्रज्ञ स्टीव्हन पिंकर यांनी लगोलग न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहून सांगितलं की ही नुसती जीभ घसरलेली नाही. इंग्रजीत फार दिवसांपासून एक भीती आहे, क्रियापद 'फोडू' नये अशी. आधी ती टू आणि क्रियापद यांच्यापुरती होती. हेन्री आल्फर्ड नावाच्या पाद्रीबुवांनी 1864 च्या आपल्या पुस्तकात त्या फोडण्यावर नापसंती दाखवली, आणि पुढे शाळामास्तरांनी त्याचा नियमच करून टाकला. तीच भीती मग पसरत विल, शुड, मस्ट यांच्यापर्यंत आली. पिंकर यांचा अंदाज असा की रॉबर्ट्स हे व्याकरणाचे काटेकोर गृहस्थ. त्यांच्या डोक्यातल्या संपादकाने, त्यांना न विचारताच, विल आणि एक्झिक्यूट यांच्यातला फेथफुली उचलून बाहेर ठेवला. पुरावा म्हणून पिंकर दाखवतात की याच रॉबर्ट्स यांनी आदल्या वर्षी बॉब डिलनच्या गाण्यातली ओळ एका खटल्यातल्या आपल्या मतात देताना त्यातला, व्याकरणात अशुद्ध मानला जाणारा, 'एंट' (ain't) गाळला होता. कदाचित शपथेच्या दिवशी नुसतं दडपण असेल, इतक्या लोकांसमोर कुणाचंही होईल. मला मात्र पिंकर यांचं म्हणणं फार आवडलं आहे आणि मी ते सोडणार नाही.

शिवाय ज्या नियमाची भीती, तो नियम नाहीच मुळी! फाउलर यांनी 1926 सालीच, इंग्रजी वापराच्या आपल्या कोशवजा ग्रंथात, विल आणि क्रियापद यांच्यामध्ये क्रियाविशेषण घालायला काहीच हरकत नाही असं ठणकावलं होतं. आणि मी ती शपथ बोट ठेवून वाचली हो. अवघे 35 शब्द. त्यात ही जागा तीनदा वापरली आहे. 'डू' आणि 'स्वेअर' यांच्यामध्ये सॉलेम्नली. 'विल' आणि 'एक्झिक्यूट' यांच्यामध्ये फेथफुली. आणि पुढे 'विल' आणि 'प्रिझर्व्ह' यांच्यामध्ये तर 'टू द बेस्ट ऑफ माय अबिलिटी' असा पूर्ण लवाजमा! संविधान लिहिणाऱ्यांना फोडण्याची काडीइतकी भीती नव्हती.

आता या जागेचं आणखी एक सांगते, कारण इथे मी खरोखर खुर्चीतून उठले होते. शब्द तेच, जागा एका घराने इकडेतिकडे, आणि अर्थ पार वेगळा! 'आय सिंप्ली कान्ट गो' म्हणजे मला जाणं शक्यच नाही, विषय संपला. 'आय कान्ट सिंप्ली गो' म्हणजे मला असं नुसतं उठून जाता येणार नाही, आधी कुणाला तरी सांगावं लागेल, रजा टाकावी लागेल. 'आय रिअली डोन्ट नो' म्हटलं तर मला खरंच माहीत नाही. 'आय डोन्ट रिअली नो' म्हटलं तर तसं काही नक्की माहीत नाही, थोडंफार असेल. नकाराच्या अलीकडे की पलीकडे, एवढाच प्रश्न. साहेबांना पत्र लिहिताना यातलं कोणतं जातंय, हे आता मी पाठवायच्या आधी दोनदा बघते.

मग साहजिकच मराठीकडे वळले. आपल्याकडे मदतनीस शेवटी येतो, 'करू शकतो', 'करायला हवं'. क्रियाविशेषण दोघांच्याही आधी, 'तो हे नीट करू शकतो'. 'करू नीट शकतो' म्हणून पाहा, जमतच नाही. करू आणि शकतो यांच्यामध्ये टाचणी शिरत नाही असं वाटलं, आणि तेवढ्यात आठवलं की शिरते की! 'करूच शकत नाही.' 'करूही शकेल.' 'करू तरी शकतो का?' च, ही, तरी हे चिमुकले अव्यय बिनधास्त आत जातात, मोठ्या शब्दांना मात्र मज्जाव. 'हवं' त्यामानाने सैल. 'घरी जायला आता हवंच' हे आपण सहज म्हणतो. शकणे आणि हवं यांच्या स्वभावात हा फरक आहे, हे मला मराठी बोलत जन्म गेला तरी कळलं नव्हतं.

आणि इंग्रजीत ही जागा असते तरी का? जाँ-ईव्ह पोलॉक यांचा 1989 चा एक प्रसिद्ध लेख आहे, फ्रेंच आणि इंग्रजी शेजारी ठेवून लिहिलेला. फ्रेंचमध्ये साधं क्रियापदसुद्धा उडी मारून क्रियाविशेषणाच्या पुढे जातं. 'जॉन चुंबतो वारंवार मेरीला' असा तिथला क्रम. इंग्रजीत साधं क्रियापद जागचं हलत नाही, 'जॉन ऑफन किसेस मेरी'. पुढे उभे राहायचा मान फक्त मदतनिसांना, आणि 'बी'च्या रूपांना. म्हणून 'ही ऑल्वेज कम्स लेट', पण 'ही इज ऑल्वेज लेट'. क्रियाविशेषण आपल्या जागी शांत असतं. कोण त्याच्या पुढे उभं आहे आणि कोण मागे राहिलं आहे, एवढंच बघायचं. कॅन पुढे, गो मागे, आणि ऑल्वेज आपोआप मधे! मला तर हे कळल्यावर कुणाला फोन करू आणि कुणाला नको असं झालं.

आता जिथे दोन-तीन मदतनीस एकापाठोपाठ येतात तिथे फटीही दोन-तीन असतात, आणि सध्या मी तिथे मुक्काम ठोकला आहे. 'द राइस शुड हॅव बीन प्रॉपर्ली कुक्ड'. भात नीट शिजायला हवा होता, कच्चा राहिलाय. तोच प्रॉपर्ली उचलून पहिल्या फटीत ठेवा, 'द राइस शुड प्रॉपर्ली हॅव बीन कुक्ड'. आता भाताची तक्रार गेली. रीत म्हणून आज भात करायला हवा होता, आणि पोळ्या कुणी केल्या, असा सवाल आहे. 'कुड ईझिली हॅव बीन' आणि 'कुड हॅव ईझिली बीन' मात्र जवळपास एकच निघतात. का, ते शोधते आहे.