वही उघडण्याची वेळ

व्यापार बुडाला की ‘दिवाळे निघाले’ असे म्हणतात. या शब्दामागे एक जुनी रीत असल्याचे सांगतात. देणी फेडणे अशक्य झाले की पेढीचा मालक भर दिवसा दारात दिवा लावी, गादी उलटी करी आणि बाजूला होई. दिवसा जळणारा तो दिवा पाहून बाजार काय ते समजून घेई. ही रीत मानहानीची होती खरी. पण तिच्यात एक सरळपणाही होता. जे घडले ते चारचौघांसमोर मांडले जाई. आज दिवा लागत नाही. एके सकाळी पेढीचे शटर उघडत नाही, फोन बंद लागतो, आणि मोंढ्यात कुजबूज सुरू होते.

लातूरची डाळ आणि सोयाबीन, नांदेडचा कापूस, हळद आणि सोयाबीन हा सारा व्यवहार आजही मोठ्या प्रमाणावर शब्दावर चालतो. बँकेची कॅश क्रेडिट असते, पण तिच्याजोडीला नात्यातल्या ठेवी असतात, भिशीची उचल असते, शेकडा दोनने घेतलेली हातउसनी रक्कम असते. शेकडा दोन हा दर ऐकायला लहान वाटतो. वर्षाचे ते चोवीस टक्के होतात. शिवाय एखादा शेतकरी मुलीच्या लग्नापर्यंत आपल्या मालाचे पैसे आडत्याकडेच ठेवतो, कारण पिढ्यान्‌पिढ्यांचा विश्वास असतो. भाव पडले, उधारी अडकली की यातला एकेक धागा ताणू लागतो. मग जुने व्याज भरण्यासाठी नवे कर्ज घेतले जाते. पेढी खरे तर तेव्हाच बुडालेली असते. फक्त ते मान्य केलेले नसते.

वकिलाकडे जायचे ते पाऊल बहुतेक घरांत याच टप्प्यावर उचलले जात नाही. ‘कोर्टाची पायरी चढली तर पत जाईल, मुलांची लग्ने कशी होतील,’ ही भीती खरी असते. पण कायद्यात मिळणारा अवधी मोजका असतो. धनादेश न वटल्याची नोटीस हाती आली की रक्कम देण्यासाठी पंधरा दिवस मिळतात. तारण मालमत्तेबाबत बँकेची सरफेसी कायद्याखालील मागणीची नोटीस आली की साठ दिवस असतात. पुढे बँकेने ताब्याची कारवाई केली तर कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे दाद मागायला पंचेचाळीस दिवस. हे दिवस काळजीत आणि लपवाछपवीत घालवले की चांगल्यातल्या चांगल्या वकिलाच्याही हाती फारसे उरत नाही.

जाणता वकील पहिल्या बैठकीत धीर देण्याआधी यादी मागतो. कोणाचे किती देणे, कोणते व्याज, काय गहाण, किती कोरे धनादेश सही करून दिलेले, कोणाच्या कर्जाला जामीन. गेल्या काही वर्षांत घर, प्लॉट, सोने कोणाच्या नावे केले? येथेच हात अडखळतो. बँकेचे कर्ज सांगितले जाते, सासुरवाडीचे सांगितले जात नाही. पक्की वही पुढे येते, कच्ची मागे राहते. वास्तविक अशिलाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट वकिलाने बाहेर बोलू नये, असे बंधन पुराव्याच्या कायद्यातच आहे. मात्र मालमत्ता दडवण्यासाठी मागितलेल्या सल्ल्याला हे संरक्षण मिळत नाही.

श्रावकाला ही रीत परकी वाटू नये. आलोचना म्हणजे गुरूंसमोर दोष जसाच्या तसा, काही न वगळता सांगणे. अर्धी आलोचना ही आलोचनाच नव्हे. वकील हा गुरू नाही. पण त्याच्यासमोर हिशेब मांडण्याचा नियम तोच आहे.

व्यक्तीच्या आणि भागीदारी पेढीच्या नादारीसाठी आजही जुनेच कायदे लागू आहेत: मुंबई, कोलकाता, चेन्नई या शहरांसाठी १९०९ चा आणि जिल्ह्यांसाठी १९२० चा प्रांतिक नादारी कायदा. तो कायदा किती जुना आहे हे एका आकड्यावरून कळते: देणे पाचशे रुपयांचे झाले तरी ऋणकोला अर्ज करता येतो. नादार ठरल्यावर त्याची मालमत्ता न्यायालयाच्या किंवा रिसीव्हरच्या ताब्यात जाते आणि धनकोंना न्यायालयाच्या परवानगीवाचून नवे दावे लावता येत नाहीत. तारण घेतलेल्या बँकेचा हक्क मात्र अबाधित राहतो. धनकोंच्या संख्येने बहुमत आणि रकमेने तीन-चतुर्थांश संमती मिळाली, तर न्यायालयाच्या मान्यतेने तडजोड होऊ शकते.

शेवटी मुक्तीचा आदेश मागताना न्यायालय काय पाहते, हे व्यापाऱ्याने मुद्दाम वाचावे. मागील तीन वर्षांच्या वह्या नीट ठेवल्या होत्या का? आपण बुडालो आहोत हे कळल्यावरही व्यवहार चालू ठेवला का? अविचारी सट्टा, जुगार किंवा उधळपट्टी झाली का? तोटा सांगितला तो कसा झाला, हे पटवून देता आले का? हे प्रश्न शतकापूर्वीच्या इंग्रजी कायद्यातले. पण गादीवर बसलेल्या एखाद्या वृद्ध मुनीमानेही हेच विचारले असते.

सर्वांत कठीण प्रश्न नात्याचा आहे. पेढी बुडणार असे दिसताच पहिला विचार येतो, की मेहुण्याचे पैसे तेवढे देऊन टाकू, आत्याची ठेव मोकळी करू, घर पत्नीच्या नावे करू. यात प्रेम असते, कर्तव्यबुद्धीही असते. परंतु नादारीच्या अर्जाआधीच्या तीन महिन्यांत एखाद्या धनकोला झुकते माप देण्यासाठी दिलेले पैसे कायदा निरर्थक ठरवतो, आणि आधीच्या दोन वर्षांत मोबदल्यावाचून केलेले हस्तांतरण रद्द होऊ शकते. मग आत्याला परत मिळालेली ठेव रिसीव्हर मागतो आणि ज्याला वाचवायचे होते तोच न्यायालयात उभा राहतो. कायदा येथे कोरडा वाटतो; तरी त्याच्या बाजूने एक माणूस उभा असतो. मुलीच्या लग्नासाठी रक्कम ठेवून गेलेला तो शेतकरी. त्याचे नाते नसते, म्हणून त्याचा वाटा कमी होत नाही. तत्त्वार्थसूत्रात सत्याणुव्रताच्या अतिचारांत कूटलेखक्रिया आणि न्यासापहार सांगितले आहेत. खोटे लिहिणे आणि विश्वासाने ठेवलेली ठेव बुडवणे. मागची तारीख टाकून केलेला कागद आणि शेतकऱ्याच्या ठेवीतून फेडलेली नात्यातली ठेव यांचा विचार या दोन शब्दांसमोर करून पाहावा.

खासगी मर्यादित कंपनी काढून डाळमिल चालवणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. कंपनीच्या कर्जाला वडील, भाऊ किंवा पत्नी यांनी दिलेली वैयक्तिक हमी कंपनीबरोबर संपत नाही. २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेतील व्यक्तींविषयीच्या तरतुदी १ डिसेंबर २०१९ पासून अशा हमीदारांपुरत्या लागू झाल्या आणि २१ मे २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवले. ‘नुसती सही’ अशी गोष्ट नसते.

ज्याच्याकडे खरोखर काही उरले नाही, त्याच्याविषयी कायदा निर्दय नाही. १९८० साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या खंडपीठाने जॉली जॉर्ज वर्गीस प्रकरणात स्पष्ट केले, की केवळ देणे फेडता आले नाही म्हणून माणसाला दिवाणी तुरुंगात टाकता येणार नाही; त्यामागे लबाडी दिसली पाहिजे. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण आणि धर्माचाराप्रमाणे स्त्रीने अंगावरून उतरवू नये असे दागिने जप्तीतून वगळलेले आहेत.

व्यापारात पडणे नवे नाही. अमेरिकेतील यादवी युद्ध संपताच १८६५ मध्ये मुंबईचा कापूस आणि शेअरबाजार कोसळला, आणि त्या बाजाराचे नायक, जैन व्यापारी प्रेमचंद रायचंद, त्यात होरपळले. ते १९०६ पर्यंत जगले. मातोश्रींच्या नावाचा राजाबाई टॉवर त्यांच्याच देणगीतून १८७८ मध्ये पूर्ण झाला. आज त्यांची आठवण त्या पडझडीपेक्षा या टॉवरमुळे अधिक निघते.

दिवाळीला चोपडापूजन प्रत्येक घरी होते. त्याच दिवशी घरातील कर्त्या स्त्री-पुरुषांनी एकत्र बसून देण्यांची पूर्ण यादी वाचावी: कोरे धनादेश, जामीनकी, तोंडी व्यवहार, सारे. पूजा झालेली वही जर खरी असेल, तर अडचणीच्या वेळी ती घेऊन वकिलासमोर बसताना मान खाली घालावी लागणार नाही. संकटात असलेल्या पेढीबद्दल शेजारच्या पेढीने कुजबूज करण्याऐवजी एवढेच विचारावे, ‘वकिलाकडे जाऊन आलात का? सोबत येऊ का?’ साधर्मिक वात्सल्याचा याहून उपयोगी प्रकार मोंढ्यात क्वचितच सापडेल.